सरळ रेषेतलं दुकान

फोन आला तेव्हा विद्याधर कर्णिक गॅलरीत उभा राहून हायवेपलीकडचा पेट्रोल पंप बघत होता, आणि फोन त्याच पंपावरून होता. "काका, पंपावरून विकी बोलतोय. तुमच्या घरातलं कोण हरवलंय का?" विद्याधर म्हणाला, "नाही." महापालिकेच्या विकास आराखड्याच्या, म्हणजे डीपीच्या, खात्यात सबंध नोकरी केलेल्या माणसाचं कुठल्याही प्रश्नाला पहिलं उत्तर हेच असतं, नंतर कागदपत्रं तपासून ते बदलता येतं. "मग ही आजी कोणाची?" विकी म्हणाला. "गॅसच्या रांगेत उभी आहे मघापासून. दोन रिक्षांच्या मध्ये. रिक्षा नाहीये तिच्याकडे, पिशवी आहे. हातात किल्ली आहे, तिच्या बिल्ल्यावर हा नंबर लिहिलाय." विद्याधरने मान वळवून स्वयंपाकघरात पाहिलं. त्याची बायको वसुधा कोथिंबीर निवडत बसली होती, म्हणजे बसली आहे असं तो अर्धा तास धरून चालला होता. कोथिंबीर होती. अर्धी निवडलेली, अर्धी जुडीत. दार उघडं होतं आणि बाहेरची जाळी वाऱ्याने हळूहळू आपटत होती. तो पुन्हा पंपाकडे पाहू लागला. लांबून रिक्षांची पिवळी-काळी रांग दिसत होती, माणसं दिसत नव्हती. मधून हायवे वाहत होता, दोन्ही बाजूंनी, कुठेही फट न ठेवता. वसुधा पलीकडे होती म्हणजे तिने हा हायवे ओलांडला होता. कसा, हा विचार त्याने बाजूला ठेवला. फाईल बाजूला ठेवण्याची त्याला सवय होती.

रिक्षावाल्याने पत्ता ऐकून हात लांब केला. "समोरच तर आहे." "समोरच आहे," विद्याधर म्हणाला, "पण ऐरोली नाक्यावरून वळून यावं लागेल." "माहितीये काका, मी रोज गॅस भरतो तिकडे. समोरचं समोर जायला मुलुंडमध्ये पहिल्यांदा ऐरोलीला जायचं." विद्याधरने मान डोलवली. हे त्याला रिक्षावाल्याच्या आधीपासून माहीत होतं. आराखड्यात इथे पादचारी पूल होता. तुटक रेघेत. तुटक रेघ म्हणजे प्रस्तावित, आणि प्रस्तावित गोष्टींचं आयुष्य फार मोठं असतं. विद्याधरबरोबर नोकरीला लागलेल्या काही तुटक रेघा तो निवृत्त झाला तरी अजून सेवेत होत्या. रिक्षा सिग्नलला थांबली. पुढे डंपर, बाजूला डंपर, मागे काय आहे ते बघण्यात अर्थ नव्हता. त्याला वाटलं, ओरडावं. पण ओरडून कुठल्या खात्याला ऐकू जाणार हे त्याला ठाऊक असल्यामुळे तो गप्प बसला. गुडघ्यावर ठेवलेला हात आपोआप गोल फिरत होता, अंगठा आणि तर्जनी, जणू मध्ये कंपास धरला आहे.

कंपास जर्मन होता, मखमलीच्या डबीत, सासऱ्यांनी लग्नात दिलेला. लोक अंगठी देतात. वसुधाचे वडील ओव्हरसियर होते. त्या कंपासने विद्याधरने अर्धी उपनगरं गिरवली. पिवळा रंग म्हणजे राहणं, निळा म्हणजे विकणं, जांभळा म्हणजे कारखाने, हिरवा म्हणजे मुलांनी खेळणं, आणि सगळ्यांत लवकर उडणारा रंग हिरवा. दुकानांबद्दल त्यांच्या टेबलाची एक पद्धत होती, कुठे छापलेली नव्हती पण देवासारखी पाळली जायची. वस्तीवर कंपासचं टोक ठेवायचं, चालत जाण्याच्या अंतराइतकं वर्तुळ काढायचं, आणि वर्तुळात कुठे निळा ठिपका सापडला की त्या वस्तीची दुकानाची गरज भागली असं शेऱ्यात लिहायचं. पेट्रोल पंपाला लाल चौकोन. त्याचे नियम वेगळे, रस्ता केवढा, कोपरा किती लांब, शाळा किती लांब, भिंत किती उंच. पेट्रोलची जेवढी काळजी नियमांनी घेतली तेवढी रव्याची कधी घेतली नाही, कारण रवा पेट घेत नाही. अलीकडे पंपांच्या आवारात काचेची छोटी दुकानं आली, तेव्हा लाल चौकोनाच्या पोटात निळा ठिपका मारायची सोय झाली, आणि बऱ्याच वस्त्यांची गरज एका दिवसात भागली. विद्याधरला तेव्हा समाधान वाटलं होतं. वर्तुळ पुरं झालं की त्याला नेहमीच समाधान वाटे. वसुधा म्हणायची, "अहो, जेवायला बसा, तुमची भाकरी गोल नाही झाली आज, चालेल ना?"

ती तेव्हा असं बोलायची. आता ती फार थोडं बोलते, आणि जे बोलते त्याचा आजच्या दिवसाशी संबंध असेलच असं नाही. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं, ते नाव विसरण्याचा हक्क फक्त तिला होता. घरात ती वाट चुकायची. बाथरूमचं दार उघडून "अगंबाई, इथे कोणीतरी नळ बसवलाय" म्हणायची. पण पिशवी घेऊन जिना उतरून धोंडिरामच्या दुकानात जायला ती कधी चुकली नाही. पाय जात होते. सकाळी एकदा जायची, स्टुलावर बसायची, "बारीक रवा दे, अर्धा किलो" म्हणायची, यायची. दुपारी पुन्हा जायची, पुन्हा रवा. संध्याकाळी पुन्हा. धोंडिराम दर वेळी तेवढ्याच गंभीरपणे पाकीट पिशवीत घालायचा, आणि दिवेलागणीला विद्याधर खाली जाऊन तिन्ही पाकिटं परत द्यायचा. हा व्यवहार त्या दोघांत कधी बोलला गेला नव्हता. धोंडिराम फक्त विचारायचा, "आज शिरा नाही का केला साहेब?" आणि पाकिटं पुन्हा फळीवर लावायचा. त्या दुकानामुळे वसुधा अजून बाहेर जाणारी बाई होती. शेजारच्या बायका तिला विचारत, "कुठे निघालात?" आणि ती उत्तर देऊ शके. खरं, बरोबर उत्तर. दिवसातलं एकुलतं.

दुकान मुळात दुकान नव्हतं. मंजूर नकाशात ते गॅरेज होतं. इमारत झाली तेव्हा पहिल्या मालकाने गॅरेज घेतलं, गाडी घ्यायची राहून गेली, आणि गॅरेज त्याने धोंडिरामला दिलं. धोंडिराम मंगळवेढ्याकडून आलेला, बरीच वर्षं एका गोदामात हमाली करून झालेला. त्याने पाटी लावली, 'सुजाता जनरल स्टोअर्स', आणि गल्ल्याच्या वर बाबासाहेबांची तसबीर लावली. तसबीर लागल्यावर इमारतीतल्या काही लोकांना त्याच्या पोह्यांत खडे दिसू लागले. चांगल्या पोह्यांसाठी ते स्टेशनपलीकडे जाऊ लागले आणि तिकडचे खडे मुकाट निवडू लागले. वसुधा पहिल्या दिवशी गेली, पोहे घेऊन आली, फोडणीला टाकले आणि जिन्याकडचं दार उघडं ठेवलं, वास वर-खाली जावा म्हणून. हळूहळू खडे नाहीसे झाले. मग किल्ल्या आल्या. कोणाची मुलं शाळेतून लवकर येणार, कोणाची मोलकरीण, कोणाचे गावाकडचे पाहुणे. किल्ली धोंडिरामकडे ठेवायची. तसबिरीखाली खिळ्यांची फळी, प्रत्येक किल्लीला पत्र्याचा बिल्ला, बिल्ल्यावर घराचा आणि फोनचा नंबर. ज्यांनी त्याच्याकडचे पोहे खाल्ले नाहीत त्यांची घरंसुद्धा त्या खिळ्यांवर टांगलेली असत. यात काही विसंगत आहे असं कोणालाच वाटलं नाही. विद्याधरलाही नाही, तो तर विसंगतीत निवृत्त झालेला माणूस.

मग महापालिकेची नोटीस आली. कोणीतरी तक्रार केली होती की गॅरेजच्या जागेत दुकान आहे. तक्रार कोणी केली ते कळलं नाही, म्हणजे सगळ्यांना कळलं. दोन वाटा होत्या: सोसायटीने ना-हरकत द्यायची आणि वापर बदलून दुकान नियमित करून घ्यायचं, नाहीतर गॅरेजचं गॅरेज करायचं. रविवारी खालीच, दुकानासमोर खुर्च्या मांडून सभा भरली. खुर्च्या धोंडिरामने लावल्या, वेफर्स आणि चहाही त्याच्याकडूनच आले, आणि तो सभासद नसल्यामुळे शटरला टेकून उभा राहिला. मुकुल सेक्रेटरी, त्याने नवी विजेवरची गाडी घेतली होती आणि दुसऱ्या मजल्यावरच्या बेडरूममधून वायर खाली सोडून तो ती चार्ज करायचा. "गॅरेज झालं तर चार्जिंग पॉइंट बसतो," तो म्हणाला. "घराखालीच पंप! उद्या सगळ्यांकडे याच गाड्या असणार यार, फ्लॅटची किंमत बघा कुठे जाते." तळमजल्यावरच्या शर्मिष्ठाबाई म्हणाल्या, "आणि दुकान हवंय कोणाला? मोबाइलवर ऑर्डर टाकली की आंघोळ होईस्तोवर दारात. धोंडिराम, तुला नाही हो म्हणत, सर्वसाधारण बोलतेय." "बोला ना ताई," धोंडिराम म्हणाला, "चहा देऊ अजून?" तेवढ्यात कोणीतरी शंका काढली की ना-हरकत नाकारायची तर जवळपास दुसरं दुकान आहे का ते लिहून द्यावं लागेल. सगळ्यांच्या माना विद्याधरकडे वळल्या. "काका, तुम्ही सांगा ना," मुकुल म्हणाला. "तुम्ही तर डीपीतले." निवृत्त झाल्यापासून त्याला कोणी काही विचारलं नव्हतं. औषधांच्या वेळा सोडून. तो वर गेला, विभागाचा जुना नकाशा आणि मखमलीची डबी घेऊन खाली आला.

रिक्षा ऐरोलीच्या पुलाखाली वळली आणि त्याला ते टेबल स्पष्ट दिसलं, वेफर्सची ताटली बाजूला सारून पसरलेला नकाशा, वाऱ्याने उडू नये म्हणून कोपऱ्यांवर चहाचे कप. त्याने सोसायटीवर टोक ठेवलं आणि वर्तुळ काढलं. पेन्सिल हायवेवरून गेली तेव्हा तिला काहीच अडलं नाही. दोन समांतर रेघा होत्या, त्या तिने सहज ओलांडल्या आणि पंपाचा लाल चौकोन अलगद पोटात घेतला. "आहे," विद्याधर म्हणाला. "पंपावर दुकान आहे. वर्तुळात येतं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. वर्तुळ अजूनही छान येत होतं, हात थरथरत नव्हता, आणि त्या क्षणी तो फक्त तेवढंच बघत होता. वसुधा तेव्हा स्टुलावर बसली होती, दुकानाच्या आत, पिशवी मांडीवर घेऊन. तिचं काय, असं कोणी तरी विचारेल, अशी त्याने थोडी वाट पाहिली. आपण होऊन विचारणं त्याच्या शिस्तीत बसत नव्हतं. सबंध नोकरीत त्याने स्वतःच्या घराचा विचार नकाशात येऊ दिला नव्हता. याला हितसंबंध म्हणतात आणि तो नसल्याचं लिहून द्यावं लागतं. कोणी विचारलं नाही. गॅरेजच्या बाजूने हात वर झाले. त्याचाही झाला. धोंडिरामने कप गोळा केले आणि नकाशाचा कोपरा गुंडाळी होऊन वर आला.

शटर उतरलं त्या दिवशी धोंडिराम मजले चढून एकेकाची किल्ली परत देत हिंडला. विद्याधरच्या दारात उभा राहून म्हणाला, "ही तुमची, साहेब. बिल्ला राहू द्या, नंबर आहे त्याच्यावर." "आत ये ना." "नको, वरचे दोन मजले राहिलेत. मी आता मानखुर्दला, शीतलकडं. पोरीला हॉस्पिटलात कामाच्या पाळ्या असतात, घरी कोणी तरी लागतंच." मग आवाज खाली आणून, "ताईंना काय सांगाल?" "सांगेन, दुकान तिकडे गेलं." विद्याधरने गॅलरीतून पंपाची पाटी दाखवली. धोंडिरामने डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "हायवेच्या पल्याड?" "सरळ रेषेत अगदी जवळ आहे." धोंडिराम हसला. राग नव्हता त्यात, त्यामुळे विद्याधरला ते हसणं अजून कुठे ठेवावं कळलेलं नाही. "सरळ रेषेत तर मंत्रालयपण जवळच आहे साहेब," तो म्हणाला आणि वर चढला. नंतर वसुधाने शटरसमोर उभं राहायला सुरुवात केली. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. वॉचमन तिला वर आणून सोडायचा. शटरही काढलं, आत टाइल्स बसल्या, भिंतीला चार्जिंगची पांढरी पेटी लागली. "अहो, धोंडिराम कुठे गेला?" आणि दर वेळी विद्याधर तिला गॅलरीत नेऊन बोट करून सांगायचा, कारण ते सांगणं सोपं होतं आणि खोटं नव्हतं: "ते बघ. आता दुकान तिकडे. समोर." तिला काही लक्षात राहत नाही हे तो गृहीत धरून होता. त्याच्या नोकरीतली सगळी गृहीतकं तोवर चुकली होती, तरी हे एक बरोबर असेल असं त्याला वाटत होतं.

पंपावर रिक्षा शिरली. ती रांगेत होती. पुढे एक रिक्षा, मागे एक रिक्षा, मध्ये वसुधा, घरातली सुती साडी, हातात पिशवी, एका पायात चप्पल. दुसरा पाय डांबराने काळा झालेला. रांग पुढे सरकली तशी ती सरकली, मागच्या रिक्षावाल्याने इंजिन बंद करून रिक्षा हाताने ढकलली, हॉर्न न वाजवता. विकी पळत आला, पंपाची निळी टोपी घातलेला, हनुवटीवर चार केस. "तुम्हीच ना काका? आम्ही तिला ऑफिसात बसवत होतो, येईचना. म्हणते नंबर जाईल. आल्या आल्या त्या रिक्षावाल्याला विचारलं, तुम्ही शेवटचे का? तो म्हणाला हो, तर ही मागे उभी." विद्याधरला रॉकेलच्या रांगा आठवल्या, दुधाच्या केंद्राच्या रांगा, तेव्हाची नवीन लग्न झालेली वसुधा, 'शेवटचे कोण' असं खणखणीत विचारणारी. तिचं सगळं गेलं होतं आणि हे राहिलं होतं. तो जवळ गेला. "वसू, चल घरी." तिने त्याच्याकडे ओळखीचं पाहिलं. "आता कसं येऊ? येतोय की नंबर." "इथे रवा नाही मिळत गं." "तुम्हीच म्हणालात दुकान तिकडे." काचेच्या दुकानात थंड पेयं होती, चिप्स होते, गाडीत टांगायचे झाडाच्या आकाराचे सुगंधी पुठ्ठे होते. निळा ठिपका. "काका, उभे राहा मग," मागचा रिक्षावाला म्हणाला. "दोन गाड्या आहेत पुढे. होऊ दे तिचं." म्हणून विद्याधर कर्णिक, आयुष्यात कधी वाहन न घेतलेला माणूस, गॅसच्या रांगेत बायकोमागे उभा राहिला. डोक्यावर पाटी होती: इंजिन बंद करा, प्रवाशांनी उतरावे. ते दोघे उतरलेलेच होते.

नंबर आला. वसुधाने पिशवीचं तोंड उघडून यंत्रापुढे धरलं. "बारीक रवा दे, अर्धा किलो," ती विकीला म्हणाली, "आणि ही किल्ली ठेव, हे यायचेत." तिने किल्ली यंत्राच्या कडेवर ठेवली. विकीने विद्याधरकडे पाहिलं, मग मॅनेजरच्या काचेकडे. "रवा संपलाय, आजी." "उद्या येईल?" "उद्या... काका, उद्या नको हां," तो हळूच म्हणाला. "मॅनेजर ओरडतो. गाडीशिवाय कोणाला आत घ्यायचं नाही, नियम आहे. काही झालं तर आमची वाट लागते." "बरोबर आहे," विद्याधर म्हणाला. नियम चांगला होता. त्याच्या काळातलाच असावा. त्याने किल्ली उचलली. परतीच्या रिक्षात त्याने शेवटी तो प्रश्न विचारला, ज्याची फाईल त्याने घरून निघताना बाजूला ठेवली होती. "वसू, तू रस्ता कसा ओलांडलास?" ती बाहेर बघत होती, चप्पल शोधत असावी. "सरळ आले," ती म्हणाली. "तुम्ही बोट केलंत ना, तशी. सरळ." तिने हात पुढे करून दाखवलं, एक रेघ, जराही न थरथरता. विद्याधर त्या हाताकडे बघत राहिला. मधले सगळे डंपर, टँकर, दुभाजकाचा कठडा, त्याच्यावरून चढणारा तो पाय, आणि ती कुठेही न थांबता आलेली. रिक्षा वळसा घेत होती. त्याने तो हात धरून खाली आणला आणि घर येईपर्यंत सोडला नाही. तिला ते जरा विचित्र वाटलं असावं. रिक्षावाल्यासमोर तिने कधी हात धरू दिला नव्हता.

संध्याकाळी त्याने दाराला आतून कुलूप लावून घेतलं. इतकी वर्षं आतून कधी कुलूप लावलं नव्हतं; कुलूप बाहेरच्यांसाठी असतं असा त्याचा समज होता. किल्ली कुठे ठेवावी हे त्याला सुचेना. फडताळात ठेवली, मग डब्यामागे, मग उशीखाली, आणि शेवटी सदऱ्याच्या खिशात टाकली. ठेवायला जागा होती ती आता गॅरेज होती. खाली मुकुलने गाडी लावली, पांढऱ्या पेटीत हिरवा दिवा लागला. वसुधा गॅलरीतून वाकून बघत होती. बराच वेळ बघितल्यावर तिचा चेहरा उजळला, गेले कित्येक दिवस तो तसा झाला नव्हता. "अहो, उघडलं की दुकान," ती म्हणाली. "दिवा लागला बघा." तिने पिशवी घेतली, पदर सारखा केला आणि दाराशी गेली. कडी ओढली. दार हललं नाही. पुन्हा ओढली. विद्याधर खिशावर हात दाबून उभा होता, खिशातला बिल्ला छातीला टोचत होता, आणि आता ती ओरडेल, रडेल, दार बडवेल, याची तो वाट बघत होता. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. वसुधाने कडी सोडली. बंद दारापासून एक पाऊल मागे सरकून ती नीट उभी राहिली, पिशवी दोन्ही हातांत धरून, आपला नंबर यायचाय हे समजलेल्या माणसासारखी. तो गेला आणि तिच्या मागे उभा राहिला, दुसरं काय करायचं ते न कळून. तिने मान वळवली. रांगेत मागे उभ्या राहिलेल्या कुठल्याशा सभ्य म्हाताऱ्याकडे पाहावं तसं पाहिलं.

"तुम्ही शेवटचे का?" तिने विचारलं.

"हो," तो म्हणाला. "माझ्यामागे कोणी नाही."